अर्ध्यावर सोडलेला खेळ

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नाही, खिडकीचाही नाही. बोट लावलं की उजळणारा, काचेचा. येलहंक्याच्या जुन्या वस्तीत एक लहानसं संग्रहालय आहे, तिथे दारातून आत आल्यावर डाव्या हाताला मी उभा असतो. तुम्ही लोक आधी माझ्यात तोंड बघून केस सारखे करता आणि मग बोट लावता. करा, करा. माझी काही हरकत नाही.

माझी काच कुठल्या देशात तयार झाली ते मला ठाऊक नाही. मी आपला जन्म पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या कारखान्यातला धरतो, कारण तिथे मला लोखंडी अंग मिळालं आणि पोटात एक लहानसा कॉम्प्युटर बसला. ज्या माणसानं माझा शेवटचा स्क्रू आवळला, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सरी, होगप्पा." ठीक आहे, जा बाबा. एवढ्या आशीर्वादावर मी जगात निघालो.

पहिली नोकरी देवनहळ्ळीजवळ, प्लॉट विकणाऱ्या एका कचेरीत लागली. बाहेर नाचणीची शेतं उभी होती आणि मी मात्र तिथेच तळं, बगीचा आणि सायकली चालवणारी गोजिरी मुलं दाखवायचो. लोक एकेका चौकोनावर बोट ठेवून कुजबुजायचे, "इथे स्वयंपाकघर, इथे आईंची खोली." खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. माणसं घराचं स्वप्न बघतात तेव्हा त्यांचं बोट फार हळुवार होतं.

मग प्लॉट संपले. कचेरीवाल्यांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले आणि मला एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शिक्षा झालेल्या पोरासारखा मी तिथे उभा राहिलो. किती काळ, ते विचारू नका. अंधाराचं मला काही वाटत नव्हतं, पण बोटांची सवय लागली होती आणि आता अंगावर फक्त धूळ बसत होती.

तिथून मला संध्याअक्कांनी आणलं. संध्याअक्का म्हणजे या संग्रहालयाच्या सर्वेसर्वा. माहेर निपाणीचं, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदवतात. त्यांनी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि मला समोरच्या भिंतीकडे वळवलं. तेव्हा मी त्या बाहुल्यांना पहिल्यांदा पाहिलं.

काचेच्या कपाटात त्या टांगलेल्या होत्या. चामड्याच्या बाहुल्या, इथे त्यांना तोगलुगोंबे म्हणतात. चामडं घासूनघासून इतकं पातळ केलेलं की मागे दिवा लावला की लाल, हिरवे, काळे रंग पेटून उठतात. राम, सीता, दहा तोंडांचा रावण, गणपती आणि एक पोट सुटलेला विदूषक. खांदे-कोपर दोऱ्यानं जोडलेले. पांढऱ्या पडद्यामागून काठीनं नाचवायच्या आणि पुढून लोकांनी त्यांची रंगीत सावली बघायची. म्हणजे त्यांनाही पडद्याशिवाय गती नाही आणि मागच्या उजेडाशिवाय माझीही गत तीच. मनात म्हटलं, ही तर आपली नात्यातली माणसं निघाली.

या बाहुल्या यल्लव्वाच्या. बेळगावकडच्या एका खेड्यातली ही खेळकरीण, सत्तरी ओलांडलेली. तिचे आजोबा, वडील, सगळे गावोगाव हा खेळ करायचे. खेळ कन्नडात, पण घरात बोलणं मात्र त्यांच्या वेगळ्याच चालीच्या मराठीत. आता तिच्या हाताला कंप आला, काठी धरवेना. मुलगा रघुपती विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याच्याकडे राहायला आली तेव्हा तिनं बाहुल्यांची पेटी संध्याअक्कांच्या हवाली केली, पण एक अट घालून.

"द्यायचं म्हणून देतो गं संध्या," यल्लव्वा म्हणाली; मी हे नंतर अक्कांच्या तोंडून ऐकलं. तिच्या भागात बायकाही 'देतो', 'येतो' म्हणतात. "पण आमच्या घरात रीत हाय. खेळात नसलेली बाहुली म्हंजे मेलेली बाहुली. तिला भिंतीवर टांगत न्हाईत. मलप्रभेत सोडतात."

"अव्वा, नदीत? एवढ्या जुन्या बाहुल्या?" संध्याअक्कांनी पेटीवर हात ठेवला.

"मग? मढं टांगून ठेवशील काय घरात? युगादीपातुर, पाडव्यापातुर बघतो. खेळल्या तर तुमच्या. न्हाई तर मी गाठोडं बांधून नेतो."

आणि कपाटातून काढून खेळवायच्या म्हटलं, तर त्या इतक्या जीर्ण झालेल्या की हात लावला तर तुकडा पडायचा. अक्का काही दिवस त्या विचारात बुडून गेल्या आणि मग त्यांनी मला शोधून आणलं. बाहुल्या माझ्यात खेळतील, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे माझी नोकरी आणि त्या बाहुल्यांचा जीव एकाच दोऱ्याला बांधला गेला.

माझ्यात खेळ भरायला दोघं आली. पुण्याची स्मिता आणि नागपूरचा तनय. दोघंही इथल्या एका आयटी कंपनीत, वेबसाइटी बनवणारी. शनिवारी सुट्टी असली की लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी फरशीवर बसायची. कोणतं तंत्र वापरायचं यावर त्यांचे तासन्‌तास वाद व्हायचे. माझ्या पोटात काय घालायचं ते माझ्यासमोर ठरत होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं. पाहुण्यांसमोर पोराच्या लग्नाची बोलणी चालतात, तसंच.

"स्मिता, थ्रीडीच करू ना यार," तनय म्हणायचा. "गेल्या महिन्यात तयार कोडची एक जबरदस्त लायब्ररी आलीय. बाहुली गोल फिरवता येईल, झूम करता येईल. बघणारे वेडे होतील."

"पुढच्या महिन्यात तिच्याहून जबरदस्त येईल. मग?"

"मग अपडेट करू."

"कोण करणार? संध्याअक्का?"

पण स्मितालाही मोह पडलाच. शेवटी दोघांनी थ्रीडीच केलं. मध्येच एका शनिवारी आतल्या खोलीत यल्लव्वाला बसवून तिची गाणी आणि संवाद रेकॉर्ड केले; बाहुल्या पुढ्यात हव्यातच म्हणून तिनं त्या हलक्या हातानं पेटीतून काढून मांडल्या होत्या. कंपनीतल्या वेगवान नेटवर आणि नव्याकोऱ्या लॅपटॉपवर त्यांच्या बाहुल्या म्हणे भिंगरीसारख्या नाचल्या. मग त्यांनी तो खेळ माझ्यावर लावला आणि यल्लव्वाला बोलावलं.

काय सांगू माझी फजिती! या इमारतीच्या भिंती जुन्या, हातभर जाड. नेट आत येता येता दमतं. तनयची ती जबरदस्त लायब्ररी दर वेळी इंटरनेटवरून यायची होती. ती येईपर्यंत माझ्या तोंडावर एक चाक गरगरत राहिलं. मग ती आली, तर माझा म्हातारा कॉम्प्युटर तापला आणि पंखा घरघरायला लागला. बऱ्याच वेळानं सीता उगवली. गुबगुबीत, चकचकीत. तनयनं बोट फिरवलं तशी ती हळूहळू वळली.

यल्लव्वा पुढे वाकली. "ही कोण?"

"सीता, अव्वा."

"हिला पाठ हाय."

"हो ना! सगळीकडून दिसते," तनय खुशीत येऊन म्हणाला.

"आमच्या बाहुलीला पाठ नसती रं. इकडं वळली तरी तोंड, तिकडं वळली तरी तोंड. लोकांना पाठ दाखवायची न्हाई, हीच तर तिची आब." ती उठली. "ही आमची न्हवं."

ती गेल्यावर तनयनं सीतेला पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. स्मितानं माझा गरम झालेला माथा चाचपला आणि म्हणाली, "तनय, बाहुली सपाट आहे. आपण ती फुगवायला का निघालो होतो?"

"कारण फुगवता येते म्हणून," तो म्हणाला. मला तो मुलगा त्या उत्तरामुळे आवडायला लागला.

मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी वाद वेगळे झाले. उद्या आपण दोघं दुसऱ्या गावी गेलो तरी हे चाललं पाहिजे. वीज गेली आणि आली तर आपोआप उघडलं पाहिजे. नेट नसलं तरी अडू नये. स्मितानं ठरवलं, कुठल्याही ब्राउझरला मुळातच जे येतं तेवढंच वापरायचं. साधी पानं, रेषांची चित्रं, साधा आवाज. बाहेरून काही मागवायचं नाही, सगळी शिदोरी माझ्या पोटात. बाहुल्यांमागे दिवा लावून त्यांचे फोटो काढले, हात, दंड, डोकं सुटं केलं आणि जिथे दोरा होता तिथेच पुन्हा सांधा दिला. आता सीता माझ्यावर आली ती जशीच्या तशी, चामड्यावरच्या सुरकुतीसकट. मला ती पिसासारखी हलकी वाटली. पंख्यानंसुद्धा हूं की चूं केलं नाही.

आणखी एक गंमत झाली. वेबचंच पान असल्यामुळे तोच खेळ फोनवरही चालायला लागला. रघुपती विमानतळावर प्रवाशांची वाट बघत गाडीत बसून आजोबांचा रावण नाचवायचा.

संग्रहालयात तर झुंबड उडाली. शाळांच्या सहली आल्या, आज्या आल्या, हातात कॉफीचा कप घेतलेली तरुण मंडळी आली. माणसांच्या तऱ्हा मी तेव्हा पाहिल्या. मोठी माणसं आधी सूचना वाचतात आणि मग चुकतात. मुलं सूचना वाचत नाहीत आणि चुकतही नाहीत. जोडपी आलीच तर एकाला विदूषक हवा असतो आणि दुसऱ्याला तोच हवा असतो. पण एक तऱ्हा सगळ्यांची सारखीच. कुणीही खेळ पुरा करत नाही. फोन वाजतो, बस सुटायची वेळ होते, बाळ रडतं, की निघाले. बोट उचललं आणि गेले.

तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटायचं. कारण स्मिता आणि तनयनं माझ्यात एक सवय घातली होती. ज्यानं खेळ जिथे सोडला, तिथेच तो थांबवून ठेवायचा. त्यांच्या जगात हे सौजन्य समजतात. प्रत्येकाचा फोन ज्याचा त्याचा, परत आला की राहिलं तिथून पुढे. इथे मात्र पडदा एक आणि येणारे शंभर. सोडून गेलेला कधीच परत येत नाही. पुढचा येतो त्याला मागची अर्धी गोष्ट मिळते, तोही ती अर्ध्यावर टाकतो. आणि मी अर्धं वाक्य तोंडात धरून उभा.

युगादी आठवड्यावर आली तेव्हा यल्लव्वा कुणाला न सांगता आली. दुपारची सामसूम होती. आदल्या सहलीतली पोरं हरणाचा प्रसंग खेळता खेळता पळाली होती. माझ्यावर सीता हात वर करून उभी होती, तिच्यासमोर रावण, अगदी हातभर अंतरावर. राम नाही, लक्ष्मण नाही. कोण जाणे किती वेळ मी तसाच उजळून उभा होतो.

यल्लव्वानं पाहिलं आणि तिथेच थबकली.

"संध्या!" तिचा आवाज साऱ्या दालनात घुमला. "ह्या बाईला ह्याच्यापुढं एकटी सोडून कोण गेलं?"

संध्याअक्का धावत आल्या. नेमकी स्मिताही कुठलीशी वायर बदलायला आली होती. "अव्वा, ती मुलं खेळत होती, मध्येच गेली—" ती म्हणाली.

"मधी जातंच कसं कुणी? खेळ मांडला की पुरा करायचा. पाऊस आला तरी, दिव्यातलं तेल संपलं तरी. आणि पुरा न्हाई झाला तर बाहुल्या निजवून मग उठायचं. आमच्या पेटीत बी देव एकीकडं आणि राक्षस एकीकडं, मधी कापड. आन तुम्ही..." ती दाराकडे वळली. "नदी बरी ह्याच्यापेक्षा. युगादीला येतो गाठोडं बांधायला."

ती गेली. स्मिता फरशीवर बसली आणि रडली. मोठमोठ्या कंपन्यांची कामं करताना तिला कुणी असं बोललं नसेल. मला तिचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटलं. जे मला कधी सांगता आलं नसतं ते त्या म्हातारीनं एका दमात सांगून टाकलं होतं.

"बाहुल्या निजवायच्या," स्मिता डोळे पुसत स्वतःशीच म्हणाली. "अक्का, कशा निजवतात?"

"मला काय माहीत? मी खेळच पाहिलाय, पेटी बांधताना कोण थांबतं?"

'पेटी बांधताना' हे शब्द ऐकून स्मिताला काहीतरी आठवलं. मग तिनं लॅपटॉप उघडला आणि यल्लव्वाचं ते जुनं रेकॉर्डिंग काढलं. गाणी संपली होती, शाबासकी झाली होती, तनयच्या खुर्चीचा आवाज झाला होता आणि तरी रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. ते शेपूट स्मितानं कचरा म्हणून कापून टाकलं होतं. आता तिनं ते लावलं. कानाला हेडफोन लावायचं तिला सुचलं नाही, म्हणून मीही ऐकलं. ऐकताना संध्याअक्कांनी तोंडाला पदर लावला.

पुढचे दिवस स्मिता आणि तनय कंपनीतून सुटले की थेट इथेच. युगादीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्यात शेवटची ओळ लिहिली आणि भिंतीला पाठ टेकून बसले.

युगादीला दारावर आंब्याचं तोरण होतं. यल्लव्वा आली. बरोबर रघुपती आणि काखेत एक मोठं पांढरं कापड, मधोमध दिव्याच्या धुरानं पिवळं पडलेलं. तो तिच्या वडिलांच्या खेळाचा पडदा होता. त्यातच बाहुल्या बांधून न्यायच्या होत्या.

माझ्यापुढे तेव्हा एक छोटी मुलगी खेळत होती. नाव विद्या, आईनं हाक मारली म्हणून कळलं. तिनं सीतेला बाहेर आणलं, रावणाला आणलं आणि तेवढ्यात आई म्हणाली, "विद्या, बा, लेट आयतु!" उशीर झाला, चल. झालं. बोट उचललं आणि पोरगी गेली.

पुन्हा सीता आणि रावण समोरासमोर. यल्लव्वानं ओठ घट्ट मिटले. संध्याअक्कांनी डोळेच मिटले. तनय खांबामागे होता.

मी थांबलो. एखादं बोट येतंय का, म्हणून थोडी वाट पाहिली. आलं नाही. मग मी दिवा हळूहळू मंद केला आणि माझ्यातून आवाज आला, दमलेला, घरगुती, गाण्याचा नव्हे तर बोलण्याचा.

"चला गं बायांनो, चला रं बाबांनो. लई दमलासा. देव उजवीकडं, राक्षस डावीकडं. भांडण खेळात, पेटीत न्हाई. निजा आता. सकाळी दुसरं गाव."

सीतेनं हात खाली घेतला आणि ती उजवीकडे गेली. रावण आपली दहा तोंडं सावरत डावीकडे गेला. मधे एक पांढरं कापड उतरलं. मी शांत झालो.

 दारापर्यंत पोहोचलेली विद्या मागे वळून बघत होती. तिला मराठीचा शब्दही कळला नसेल, पण ती पाय न वाजवता आईच्या मागे गेली.

"हे मी कवा बोललो?" यल्लव्वानं विचारलं.

"त्या दिवशी, अव्वा," स्मिता म्हणाली. "पेटी बांधताना. मी ते कापून टाकलं होतं. चुकले."

"माझा बा असंच म्हणायचा," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, आता हे कुणी म्हणायचं न्हाई." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

मग ती माझ्याजवळ आली. मी किती बोटं पाहिली, पण असं बोट पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर टेकलं आणि थरथरत राहिलं. सीता बाहेर आली. बोट थरथरे तशी तिचीही मान, दंड, पदराची कड बारीक बारीक हलत होती. तनय स्मिताच्या कानात कुजबुजला, "ती थरथर काढून टाकता येते, दोन ओळींचं काम आहे." स्मितानं त्याचा हात घट्ट दाबला.

"अशीच हलायला पायजे," यल्लव्वा म्हणाली. "हात थांबला की बाहुली मेली. रघू, बघ, माझ्या हातात अजून खेळती बघ." रघुपतीनं नुसती मान हलवली.

तिनं तो प्रसंग पुरा खेळला आणि मग बाहुल्या स्वतःच्या आवाजानं, माझ्या आधीच, निजवल्या. कपाटाकडे ती गेलीच नाही. काखेतलं कापड तिनं उलगडलं, झटकलं आणि माझ्या डोक्यावरून खाली सोडलं.

"ह्याला बी निजवत जावा सांजचं," ती संध्याअक्कांना म्हणाली. "हा बी पडदाच की आमचा."

तेव्हापासून रोज दार बंद होताना ते कापड माझ्यावर पडतं. त्याला तेलाच्या दिव्याचा जुना वास आहे. माझ्या काचेवर एके ठिकाणी चरा पडला आहे, माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे. कधीतरी माझ्या जागी नवा, रुंद, पातळ पडदा येईल. येऊ दे. स्मिता-तनयचा खेळ साधा आहे, त्याच्यातही तो विनातक्रार उघडेल. गोदामात गेलोच तर मी भिंतीकडे तोंड करून का होईना, निजवायच्या त्या चार ओळी पुटपुटेन आणि झोपेन.

तुम्ही येलहंक्याला आलात तर या. केस सारखे करा, बोट लावा, रावणाला हवा तेवढा नाचवा. तुमची बस सुटायची असते, बाळ रडत असतं, ते मला कळतं. अर्ध्यावरून खुशाल उठा, मी सीतेला घरी पोहोचवतो. फक्त दारापाशी क्षणभर थांबा आणि मागे वळून बघा. एक म्हातारी सगळ्यांना निजवत असते, तेवढं ऐकून जा.